समुद्राची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काळबादेवीहून गिरगावाकडे चालत आलात, तर एखाद्या जुन्या पेढीत लाल बांधणीच्या वह्या पाटावर मांडलेल्या अजून दिसतात. हिशेब केव्हाच संगणकात गेले. तरी पूजेपुरती वही लागतेच. शेटजी पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात, हळदकुंकू वाहतात, आणि सरत्या सालाची वही माळ्यावर चढते. व्यापारी माणूस जुनी वही फेकून देत नाही. कोणी केव्हा काय दिले आणि काय नेले, हे माणसाच्या आठवणीवर ठेवायचे नसते, असा त्याचा पिढीजात अनुभव आहे.

वाचकहो, या दिवाळीला एका फार जुन्या पेढीची वही तुमच्यापुढे उघडावी म्हणतो. पेढी समुद्राची, आणि तिचे सर्वांत मोठे खाते बर्फाचे. मी आपला मराठी शिकवणारा मास्तर. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसात पडणाऱ्या खड्यांपुरता. पण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक बसतात, आणि चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ते मला काही लाख वर्षे मागे नेऊन आणतात. तेव्हा त्यांचे शास्त्र आणि माझी भाषा, असा हा भागीदारीचा धंदा समजा.

प्रश्न साधा आहे. समुद्र थोडासा उबदार झाला, तर ध्रुवांवरचा बर्फ काय करतो? पुढे काय होणार हे छातीठोकपणे सांगणारे हल्ली गल्लोगल्ली भेटतात. मागे काय झाले हे मात्र वहीत लिहिलेले आहे. ते आधी वाचू.

पहिले पान आपल्या दारातलेच आहे. १८७५ साली मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉकचे काम सुरू झाले आणि १८८० साली ही गोदी जहाजांना खुली झाली. तिच्यासाठी खणताना समुद्राच्या चिखलाखाली एक अख्खे जंगल लागले. साडेतीनशेहून अधिक झाडांची खोडे. त्यांतली निम्म्याहून अधिक मुळांवर जशीच्या तशी उभी! झाडे ओळखली गेली ती खैराची म्हणून. खैर म्हणजे आपल्या विड्यातला कात ज्याच्या लाकडापासून निघतो तो. कातकऱ्यांना ज्याच्यावरून नाव मिळाले तो. आता खैर हे काही तिवरासारखे खाऱ्या चिखलात पाय रोवून राहणारे झाड नव्हे. ते कोरड्या, खडकाळ जमिनीवरचे. ते जिथे उभे होते तिथे एके काळी कोरडी जमीन होती आणि मग तिच्यावर समुद्र आला, एवढे तर शेंबडे पोरही सांगेल.

त्या काळच्या जाणकारांनी म्हटले, जमीन खचली. थोडीबहुत खचली असेलही. पण आज आपल्याला दुसरी अर्धी गोष्ट ठाऊक आहे: समुद्रही चढला होता, आणि चांगला चारशे फूट चढला होता!

ही अतिशयोक्ती नव्हे. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी, गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने जिथे तेल शोधले ते बॉम्बे हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात आहे, पण तिथे पाण्याची खोली अवघी पाऊणशे मीटर. म्हणजे त्या काळी चर्नी रोडहून पश्चिमेला निघालेला माणूस पायांना पाणी न लागता बॉम्बे हायपर्यंत आणि त्याच्याही पुढे गेला असता. त्याच्याही पलीकडे तळाशी एक विस्तीर्ण पठार आहे. जुन्या दर्यावर्दींनी त्याला नाव दिले ‘पन्नास वावांचे पठार’. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे माप, सहा फुटांचे. त्या पठारावर जे चुन्याचे कण सापडतात, ते उथळ, उबदार पाण्यातच तयार होतात. आज ते तीनशे फूट पाण्याखाली आहेत. समुद्राने आपला जुना पत्ता तिथे लिहून ठेवला आहे.

मग हे पाणी गेले होते कुठे आणि आले कुठून? त्यातले बरेचसे उत्तर अमेरिकेवर आणि उत्तर युरोपवर पसरलेल्या बर्फात होते. तो बर्फ आता राहिलेला नाही. उरली आहेत दोन खाती: ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. शास्त्रज्ञ त्यांना ‘हिमचादर’ म्हणतात. चादर कसली! अंटार्क्टिकावरच्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटर आहे. ग्रीनलंड सगळे वितळले तर जगाचा समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिका सगळे वितळले तर ५८ मीटर. एवढी अनामत तिथे पडून आहे.

‘सगळे’ हा शब्द वाचून घाबरू नका. सगळे वितळायला हजारो वर्षे लागतात. आपला प्रश्न त्या ठेवीचा एक लहानसा भाग किती लवकर निघतो, एवढाच आहे.

इथे एक घरगुती प्रयोग सांगतो. आमच्या नववीतल्या कन्येने तो जेवणाच्या टेबलावर करून दाखवला. कोकम सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकला आणि पेला काठोकाठ भरला. बर्फ वितळला, एक थेंबही सांडला नाही. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. मग तिने दुसरा पेला काठोकाठ भरून त्याच्यावर चहाची गाळणी ठेवली आणि तिच्यात खडा ठेवला. आता पाणी टेबलावर आले, आणि आईची बोलणी बापाला बसली. तेव्हा समुद्र चढतो तो जमिनीवर टेकलेला बर्फ पाण्यात उतरला म्हणजे. तरंगणाऱ्या बर्फाचे काम वेगळे आहे.

ते काम गिरगाव-लालबागच्या माणसाला समजावून सांगायला नकोच. आपल्या जुन्या चाळींना लाकडी टेकू लावलेले असतात ना? टेकू घराचा भाग नव्हे; पण काढून बघा! अंटार्क्टिकाच्या कडेने बर्फाचे मोठमोठे फलाट समुद्रावर तरंगत असतात. मागच्या जमिनीवरून सरकत येणाऱ्या हिमनद्यांना त्यांचा टेकू असतो. २००२ साली ‘लार्सन बी’ नावाचा असा एक फलाट महिनाभरात फुटून गेला. क्षेत्रफळ सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच बृहन्मुंबई! तिथे हवेच्या उबेचाही मोठा हात होता. फलाट तरंगता होता, म्हणून त्याच्यामुळे समुद्र चढला नाही. पण टेकू गेल्याबरोबर मागच्या हिमनद्या कित्येक पटींनी जोरात वाहू लागल्या.

टेकूला वाळवी लागते ती खालून. इथे वाळवी म्हणजे समुद्राचे उबदार पाणी. आपल्याला वाटते, बर्फ वितळवतो तो सूर्य, ती हवा. पण अंटार्क्टिकाच्या बहुतेक भागात हवा इतकी थंड असते की दोन-चार अंशांनी तिचे काही बिघडत नाही. खोल समुद्रातले पाणी मात्र गोठणबिंदूच्या दोन-तीन अंश वर असते. आपण त्यात बोटही घालणार नाही. बर्फाच्या दृष्टीने ते कढत. तुम्ही विचाराल, उबदार पाणी तर वर यायला हवे. अभ्यंगस्नानाच्या बंबात तर तसेच होते. खरे आहे, पण तिथले खोल पाणी अधिक खारट, म्हणून जड. ते ऊब पोटात घेऊन खालीच राहते. वारे आणि प्रवाह फिरले की तेच पाणी किनाऱ्याकडे शिरते आणि बर्फाला खालून कोरते.

आणि पश्चिम अंटार्क्टिकाची गोम अशी, की तिथला बर्फ ज्या तळावर टेकला आहे तो तळच समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आत जावे तसतसा अधिक खोल होत जातो. पोहायला शिकणाऱ्याला ‘ठाव लागतो’ आणि ‘ठाव सुटतो’ यांतला फरक चांगला ठाऊक असतो. बर्फाचाही ठाव जिथे सुटतो आणि तो तरंगू लागतो, तिला मी मराठीत ‘ठावरेषा’ म्हणतो. उबदार पाण्याने ही रेषा एकदा मागे ढकलली, की ती अधिक खोल पाण्यात जाते. तिथे बर्फाची कड अधिक जाड, म्हणून तो अधिक वेगाने समुद्रात ओसरतो. रेषा आणखी मागे जाते. उतारावरून सुटलेल्या हातगाडीसारखे हे आहे. सुरुवातीला एक हात पुरतो, मागून दहा पुरत नाहीत.

आता कोणी म्हणेल, ही झाली तर्कशास्त्राची गाडी. प्रत्यक्षात कोणी पाहिली? इथेच समुद्राची रोजकीर्द कामाला येते.

नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाचे बारीक नकाशे काढताना शास्त्रज्ञांना साडेसात हजारांहून अधिक लहान लहान वरंबे सापडले. शेतात पाभर फिरवल्यासारखे, एकामागे एक. हे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. हिमयुग सरताना तिथला बर्फ मागे हटत होता. भरती आली की त्याची कड उचलली जाई, ओहोटी आली की खाली टेकून चिखलाचा एक वरंबा दाबून ठेवी. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. म्हणून दिवसाला दोन वरंबे. दोन वरंब्यांमधले अंतर मोजले की बर्फ रोज किती हटला याचा आकडा मिळतो. तो निघाला ५५ पासून ६१० मीटरपर्यंत. एका दिवसात! म्हणजे वेगाच्या दिवसांत बर्फाची कड रोज दोनेक बस-थांबे मागे जात होती. हा वेग टिकला काही दिवस, फार तर काही महिने, आणि तोही जिथे तळ सपाट होता तिथे. पण बर्फाला असे पळता येते, हे भरती-ओहोटीने स्वहस्ते लिहून ठेवले आहे.

रोजकीर्दीवरून जशी खतावणी, तशी याहून मोठ्या काळाची नोंद समुद्राच्या गाळात आहे. पाण्यातला प्राणवायू दोन वजनांचा असतो, एक हलका, एक किंचित जड. वाफ होताना हलक्या प्राणवायूचे पाणी अधिक सहज उडते. एरवी ते पाऊस होऊन नद्यांवाटे परत येते. पण हिम होऊन ध्रुवावर पडले की अडकते, आणि समुद्रात जड प्राणवायूचा वाटा वाढतो. समुद्रातले सूक्ष्म जीव आपली कवचे घडवताना तोच प्राणवायू वापरतात आणि मेल्यावर तळाशी बसतात. एकावर एक थर. कवचातल्या प्राणवायूचे वजन पाहिले की त्या काळी बर्फ किती होता आणि पाणी किती उबदार होते, याचा अंदाज निघतो. २०१५ च्या मे अखेरीस ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ नावाचे जहाज अरबी समुद्राचा तळ खणून, गाळाच्या लांबलचक कांड्या घेऊन मुंबईला आले होते. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातले धनंजय पांडे. त्यांचा शोध हिमालयाचा आणि मोसमी पावसाचा होता. पण गाळाचे थर वाचण्याची विद्या हीच.

या खतावणीतले एक पान आपल्या फार कामाचे आहे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, गेल्या हिमयुगाच्याही आधी, पृथ्वी उद्योगयुगापूर्वीच्या मानाने एखाद्या अंशाने उबदार होती. समुद्राचे पाणी तर अर्ध्याच अंशाने. म्हणजे आज आपण जिथे येऊन पोचलो आहोत, साधारण तिथेच. त्या वेळी समुद्र किती वर होता? सहा ते नऊ मीटर! किनाऱ्यावरची जुनी, उंचावर राहिलेली पोवळी त्याची साक्ष देतात. एवढे पाणी एकट्या ग्रीनलंडमधून येत नाही. अंटार्क्टिकानेही खाते उघडले असले पाहिजे.

याचा एक साक्षीदार मोठा मजेदार आहे: अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावर राहणारा एक लहान ऑक्टोपस. पश्चिम अंटार्क्टिकाच्या दोन बाजूंना दोन समुद्र, वेडेल आणि रॉस. मध्ये बर्फाची भिंत. दोन्हीकडच्या ऑक्टोपसांची आज गाठभेट होणे शक्य नाही. पण त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली, तर सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या त्या उबदार काळात त्यांच्यात सोयरीक झाल्याचे दिसले. सोयरीक व्हायची तर वाट हवी. आणि वाट असायची तर मधला बर्फ नसायला हवा. हाही शोध २०२३ चाच.

ग्रीनलंडची साक्ष १९६६ सालची. अमेरिकी सैन्याच्या तळावर बर्फात जवळजवळ १,४०० मीटर खोल भोक पाडले, तेव्हा तळाशी थोडी माती हाती लागली. ती शीतपेटीत पडून राहिली आणि पुढे विसरली गेली. २०१७ साली ती कोपनहेगनमध्ये पुन्हा सापडली. उघडून पाहतात तो आत काटक्या आणि पानांचे अवशेष! सुमारे चार लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता, झाडझाडोरा होता. त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत २८० च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहे.

खर्चाची बाजू पाहिली, तशी जमेचीही पाहायला हवी. नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. १९८३-८४ च्या मोहिमेत भारताने अंटार्क्टिकावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे उभारले. त्याच मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत होत्या; त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. बर्फाच्या फलाटावर बांधलेले ते ठाणे काही वर्षांत हिमाखाली गाडले गेले आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. म्हणजे तिथे बर्फ जमाही होतो. पण किनाऱ्यापासून दूर, आतल्या पठारावर वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याइतके हिम पडते. जमा कवडीकवडीने, खर्च थैलीने. जो बर्फ शतकांत जातो, तो परत बसायला हजारो वर्षे लागतात. सगळ्या वहीचे सार मला विचाराल तर हेच: समुद्राच्या थोड्या उबेला बर्फ आधी दाद देत नाही, मग एकदम देतो, आणि दिलेले परत घेत नाही.

आता मुंबईचे पान. अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. तिच्यावरून शतकात समुद्र चढला तो सात-आठ सेंटिमीटरच्या आसपास, चार बोटे म्हणा. जगाचा समुद्र मात्र १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी २० सेंटिमीटर चढला आणि त्याचा वेग वाढतो आहे. या शतकाच्या अखेरीपर्यंत जगात आणखी सुमारे एक फुटापासून एक मीटरपर्यंत चढ होईल, असा आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा २०२१ चा अंदाज आहे. कमी की जास्त, हे आपण किती धूर सोडतो यावर. आणि बर्फाने नॉर्वेसारखी घाई केली तर याहून अधिकही नाकारता येत नाही, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. आणखी एक गोष्ट: अंटार्क्टिकातला बर्फ गेला की त्याचे गुरुत्वाकर्षणही जाते, त्याने जवळ ओढून धरलेले पाणी सुटून लांबच्या समुद्रांकडे येते. आपला समुद्र त्या लांबच्यांत मोडतो. म्हणजे आपल्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडे अधिकच.

“सर, फूटभर पाण्याने काय होते?” असे लालबागच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले. त्याला मी हिंदमाता दाखवली. दादर-परळचा तो भाग बशीसारखा. पाऊस पडला की पाणी गटारांवाटे समुद्राकडे जायचे. पण भरतीच्या वेळी समुद्रच गटाराच्या तोंडाशी उभा असतो. मग पाणी आपल्या गुडघ्याशी थांबते. त्यासाठी उदंचन केंद्रे झाली, जमिनीखाली टाक्या झाल्या, आणि पूर्वीपेक्षा पाणी लवकर ओसरते हे कबूल केले पाहिजे. पण समुद्र फूटभर चढला, तर प्रत्येक भरती फूटभर उंच येईल आणि गटारांची तोंडे रोज अधिक वेळ बंद राहतील. समुद्र घरात येणार नाही. घरातले पाणी बाहेर जाणार नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा गेल्या महिन्यात झाली. बांधकाम करणाऱ्यांच्या माणसाने रंगीत चित्रे दाखवली: बावीस मजले, दोन मजली तळघरात मोटारी, तिथेच विजेची खोली, तिथेच पाण्याचे पंप. सगळे खूश. चर्चा कार्पेट एरियावर आणि कॉर्पस फंडावर रंगली. शेवटी मागच्या बाकावरून ऐंशीच्या घरातले आमचे अण्णा उठले आणि म्हणाले, “बाकी सगळे ठीक आहे हो. पण जोते किती फूट उंच धरलेत? आणि विजेची पेटी जोत्याच्या वर की खाली?” माणूस नकाशा चाळू लागला.

अण्णांनी ना बर्फ पाहिला, ना ऑक्टोपस. पण ज्या घरात नातवंडांची नातवंडे राहायची, त्याच्याबद्दल विचारायचा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. आज आपण करारावर सही करतो ती इमारत साठ-सत्तर वर्षे उभी राहील. तेवढ्या काळात ध्रुवांवरचे खाते आपल्या नावे काय टाकते, ते आपल्या हाती पुष्कळ आहे आणि पुष्कळ नाहीही. जोत्याची उंची मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. तुमच्याही चाळीची सभा असेल, तर कार्पेट एरियाच्या आधी हा प्रश्न विचारा. उत्तर लेखी घ्या.